ओळखीची रद्दी, अनोळखी रद्दी

मी सांगलीत करसल्लागार आहे. लोकांची आयकराची आणि जीएसटीची रिटर्नं भरते, नोटीस आली की उत्तर लिहिते. यात आणखी एक काम कधी चिकटलं ते कळलंच नाही, ते म्हणजे अशिलांचे मेल बघणं. सरकारचा सगळा पत्रव्यवहार आता मेलवर. इकडे मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याला तुम्ही विचारलंत की काल मेल बघितला का, तर तो आधी मोबाईलकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि म्हणतो, "ते तुम्हीच बघा की ताई."

बघितले. इतक्या लोकांच्या मेलबॉक्समध्ये डोकं घातल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. नको असलेल्या मेलच्या दोन जाती आहेत आणि दोन्हींशी उलट वागावं लागतं. पहिली ओळखीची. दुकान, बँक, म्युच्युअल फंड, तिकिटाचं ॲप, नोकरीची साइट, कुठेतरी कधीतरी आपणच पत्ता दिलेला असतो. यांना नाव आहे, ऑफिस आहे, अब्रू आहे. 'पाठवू नका' म्हटलं की बहुतेक जण थांबतात. दुसरी अनोळखी. यांनी पत्ता कुठून तरी उचललेला, विकत घेतलेला किंवा चोरलेला असतो. यांना तुमच्याकडून फक्त एकच माहिती हवी असते, की या पत्त्यावर माणूस जिवंत आहे का.

बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. ओळखीच्यांचे मेल रोज एकेक करून डिलीट करत बसतात, वर्षानुवर्षं, पण बंद करायला एकदाही सांगत नाहीत. आणि अनोळखी माणसाचा घाणेरडा मेल आला की संतापून त्याच्या तळाची 'अनसबस्क्राइब'ची लिंक दाबतात. म्हणजे जिथे बोलायला हवं तिथे गप्प आणि जिथे गप्प बसायचं तिथे तोंड उघडलं.

आता तुम्ही म्हणाल, येऊ देत की मेल, कोणाचं काय बिघडतं? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. अण्णांची गोष्ट सांगते.

अण्णा हळदीचे अडते. मुलाला बेदाण्यात उतरवायचं म्हणून नवी भागीदारी काढली, तिचा जीएसटी नंबर घ्यायचा होता. या अर्जाच्या पहिल्या टप्प्यावर दोन ओटीपी येतात, एक मोबाईलवर आणि दुसरा ईमेलवर. दोन्ही वेगळे. मोबाईलवरचा ओटीपी लगेच टिंग करून आला. मेलवरचा काही येईना. दहा मिनिटांत तो बाद होतो, म्हणून पुन्हा मागवला. पुन्हा तेच. अण्णा खुर्चीत पुढे सरकून बसलेले. "ताई, सरकारचंच काय तरी बिघडलं असंल बगा. मेल आलाच न्हाई."

सरकारचं काही बिघडलं नव्हतं. अण्णांच्या मेलबॉक्समध्ये जागाच शिल्लक नव्हती. जीमेल फुकट देतं ती १५ जीबी जागा एकट्या मेलची नसते. त्यात ड्राइव्ह आणि फोटोही धरलेले असतात, शिवाय अँड्रॉइड फोनचा व्हॉट्सॲप बॅकअपही तिथेच जाऊन पडतो. ती भरली की नवा मेल आतच येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. वर लाल पट्टी केव्हाची दिसत होती. पण अण्णा मेल उघडतच नाहीत, तर पट्टी बघणार कोण?

मी तो मेलबॉक्स उघडला आणि वर्णन काय करू. न वाचलेल्या मेलचा आकडा पाच अंकी. रिचार्जचं ॲप, कर्जाचं ॲप, क्रिकेटवर पैसे लावायचं ॲप, कपड्यांची दोन दुकानं, कुठला तरी ज्योतिषी, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला रोज सकाळी 'तुमच्यासाठी पुण्यात सेल्स एक्झिक्युटिव्हची संधी'. अण्णांनी यातलं एकही ॲप आयुष्यात उघडलेलं नाही. मग पत्ता दिला कोणी?

उत्तर आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे: मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं. लहान गावांत निम्म्या लोकांचा ईमेल हा फोन घेतला त्या दिवशी दुकानातच जन्माला येतो. नाव, जन्मसाल, ॲट जीमेल. पासवर्ड फोनच्या खोक्यावर पेननं लिहिलेला. पोरगं घाईत असतं, येईल त्या चौकटीवर टिचकी मारत सुटतं, 'ऑफर्स पाठवू का' म्हटलं की हो, 'अपडेट्स हवेत का' म्हटलं की हो. आणि खातं परत मिळवायला जो मोबाईल नंबर द्यायचा असतो, तिथे दुकानदाराचा स्वतःचाच नंबर टाकून ठेवतं. अण्णांचंही तसंच. म्हणून मी जंकला हात लावायच्या आधी तो नंबर बदलते, पासवर्ड बदलते, टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवायची सोय, चालू करते. ज्या घराची किल्ली दुसऱ्याकडे आहे तिथे झाडलोट करून उपयोग काय?

मग जागा मोकळी करायची. इथे खरं सांगायचं तर जाहिरातींचे मेल आकड्यानं खूप असले तरी वजनानं हलके असतात. जागा खातात ते फोटो, व्हिडिओ आणि मोठ्या जोडण्या. शोधपट्टीत इंग्रजीत 'लार्जर', मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि '१० एम' असं लिहिलं की दहा एमबीच्या वरचे मेल एका ओळीत उभे राहतात. आधी ते काढा. अण्णांकडे त्यात कुणाच्या तरी बारशाचे व्हिडिओ निघाले, ते अर्थातच काढू दिले नाहीत. सुनेच्या पेनड्राइव्हवर गेले, मग निघाले.

त्यानंतर ओळखीची रद्दी. संगणकावर बसायचं, मोबाईलवर हे काम होत नाही. शोधपट्टीत 'अनसबस्क्राइब' हा शब्द इंग्रजीत टाइप करायचा. जाहिरातीच्या जवळजवळ प्रत्येक मेलच्या तळाशी तो असतो, त्यामुळे सगळी वरात एका जागी येते. मग एकेका पाठवणाऱ्याचं नाव घेऊन शोधायचं, डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर टिचकी मारायची. इथे नव्वद टक्के लोक फसतात. त्या टिचकीनं फक्त समोरच्या पानावरचे पन्नास मेल निवडले जातात. पण त्याच वेळी वर एक बारीक ओळ उगवते, की या शोधात सापडलेले सगळेच संवाद निवडायचे का? ती ओळ दाबली की त्या दुकानाचे सात वर्षांचे सगळे मेल एका झटक्यात जातात. ती न दिसल्यामुळे पन्नास-पन्नासच्या घासानं मेलबॉक्स उपसणारी, आणि मग कंटाळून सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत. काढलेले मेल कचरापेटीत तीस दिवस राहतात आणि तोवर जागाही धरून ठेवतात, म्हणून शेवटी पेटी रिकामी करायची.

नुसतं काढून भागत नाही, नळ बंद करायला हवा. आणि इथे गेल्या काही वर्षांत खरोखर बरा बदल झालाय. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू या दोघांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना नियम लावले. जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यानं आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करायची, एका टिचकीत बंद करायची सोय द्यायची, आणि सांगितल्यापासून दोन दिवसांत नाव काढायचं. शिवाय हजारात तीन लोकांनी 'स्पॅम' म्हणून तक्रार केली तर त्या कंपनीचे मेल अडायला लागतात. हजारात फक्त तीन! म्हणून मोठ्या कंपन्या आता आपण होऊन घाबरतात. पूर्वी कसं, बंद करायला गेलं की 'का जाताय, कारण सांगा', मग पासवर्ड टाका, मग 'दहा दिवस लागतील'. आता मेल उघडला की वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच ते बटण दिसतं. २०२५ पासून जीमेलच्या डावीकडच्या यादीत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' असंही एक पान आलंय. त्यात कोण किती पाठवतो ते सगळ्यात बोलक्याला वर ठेवून मांडलेलं असतं. अण्णांच्या यादीत कर्जवाला सगळ्यात वर होता. अण्णा म्हणाले, "मी आयुष्यात कुणाचं कर्ज काढलं न्हाई आणि ह्यो बाबा रोज द्यायला बसलाय."

त्या दिवशी बेदाण्याच्या भागीदारीचा अर्ज पुढे सरकला आणि अण्णांनी जाता जाता ऑफिसात सगळ्यांना चहा सांगितला. पण ओळखीची रद्दी ही सोपी बाजू.

अनोळखी रद्दीत सगळा भर सीझनवर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये रिटर्न भरून झाली की लोक रिफंडची वाट बघत असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत 'आपला रिफंड मंजूर झाला आहे' असे मेल येतात. गेल्या सीझनला एक निवृत्त शिक्षिका असा मेल उघडा ठेवूनच माझ्यासमोर बसल्या होत्या. वर आयकर खात्याचा शिक्का, राजमुद्रा, खाली निळं बटण: बँक खात्याची खातरजमा करा. दिसायला चोख. मी त्यांना फक्त पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवायला सांगितलं. नाव 'इन्कम टॅक्स डिपार्टमेंट', पण नावाखालचा खरा पत्ता कुठल्याशा परदेशी फर्निचरच्या दुकानाचा. त्या दुकानाचाही बिचाऱ्याचा मेल कुणी तरी फोडलेला असणार. मग बटणावर बोट दाबून धरलं, म्हणजे न उघडता लिंक कुठे जाते ते दिसतं. तिथे तिसरंच काहीतरी. खात्याचे खरे पत्ते 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' असे संपतात, आणि 'संपतात' हा शब्द महत्त्वाचा, कारण चोर तेच शब्द पत्त्याच्या मध्ये घालतात आणि शेपूट वेगळं लावतात.

आणखी दोन खुणा. आयकर खातं मेलवर कधी कार्डाचा नंबर, पिन किंवा पासवर्ड मागत नाही. रिफंड येतो तो आयकराच्या पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात. आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या नोटिशीवर, आदेशावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो. पोर्टलवर लॉगिनसुद्धा न करता तो क्रमांक टाकून नोटीस खरी की खोटी ते बघता येतं. बाईंच्या मेलवर असला कुठलाच क्रमांक नव्हता. त्या म्हणाल्या, "पण माझं नाव तर बरोबर लिहिलंय." नाव आज कोणालाही मिळतं हो.

बँकांच्या बाबतीतही आता एक सोपी खूण आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेपटावर न्यायला सांगितलं, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. ते शेपूट बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. म्हणजे बँकेच्या नावानं आलेल्या मेलमधली लिंक दुसरीकडेच घेऊन जात असेल तर तिथेच थांबायचं.

अशा मेलला उत्तर द्यायचं नाही, शिव्यासुद्धा द्यायच्या नाहीत. तळाची 'अनसबस्क्राइब' दाबायची नाही. जमलं तर उघडायचाही नाही, कारण पुष्कळ मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्र असतं. मेल उघडला की ते त्यांच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि तिकडे नोंद होते, की उघडला. २०१३ पासून जीमेल ही चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे तुम्ही कुठून बघताय ते त्यांना कळत नाही, पण उघडलात हे कळू शकतं. सेटिंगमध्ये 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा' असा पर्याय आहे, तो मी सगळ्या अशिलांना लावून देते. मग यादीतूनच मेल निवडायचा, 'रिपोर्ट स्पॅम' दाबायचं आणि विषय सोडून द्यायचा. 'ब्लॉक'वर लोकांचा फार जीव. पण ब्लॉक होतो तो एक पत्ता. चोराला पत्त्यांची काय कमी? पैसे गेलेच असतील तर मात्र मेल बाजूला ठेवून आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा.

मला स्वतःला येणारा सगळ्यात गमतीदार मेल याद्या विकणाऱ्यांचा. 'महाराष्ट्रातील सर्व सीए व करसल्लागार, नाव, मोबाईल, ईमेल, जिल्हावार, एक्सेलमध्ये.' म्हणजे ज्या यादीत मी आहे तीच यादी मलाच विकायला आलेत. नमुना म्हणून काही ओळी जोडलेल्या असतात. त्यात एकदा सांगलीचीच दोन ओळखीची नावं होती, एक जण तर वारून बरीच वर्षं झालेला.

हे पत्ते जातात कुठून? काही उघड्यावरच असतात. कंपनी नोंदवली की तिची माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर दिसते, आणि त्यात ईमेल पत्ताही दिसायचा. त्यामुळे ज्यांची कंपनी आम्ही नोंदवली त्यांना माझ्याआधी लोगो काढून देणाऱ्याचा अभिनंदनाचा मेल जायचा. मागोमाग ट्रेडमार्कवाला, वेबसाइटवाला, चालू खातं उघडा म्हणणारा. म्हणून नोंदणीसाठी मी वेगळा पत्ताच काढायला लावते. काही पत्ते फुटतात, कंपन्यांच्या सर्व्हरवरून चोरीला जातात. 'हॅव आय बीन पॉन्ड' नावाच्या साइटवर पत्ता टाकला की तो आजवर कुठल्या फुटीत सापडलाय ते दिसतं. माझा जुना पत्ता टाकल्यावर जी यादी आली ती बघून मी तो पत्ता फक्त खरेदीला ठेवला.

आणि काही पत्ते सरळ विकले जातात, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. जीमेलमध्ये आपल्या नावानंतर, 'ॲट'च्या आधी, अधिकचं चिन्ह टाकून पुढे कुठलाही शब्द लिहिता येतो; मेल आपल्यालाच येतो. एका घरसजावटीच्या प्रदर्शनात लकी ड्रॉच्या कुपनावर मी मुद्दाम पत्ता असा लिहिला, अधिकच्या पुढे 'सोफा'. लकी ड्रॉ काही लागला नाही. पण पुढच्या महिन्यात 'सोफा'वर आधी प्लॉटची जाहिरात आली, मग विम्याची, मग दात सरळ करणाऱ्यांची. कुपनाची पेटी सगळ्या गावात फिरून आली म्हणायची. मी एकच फिल्टर लावला: 'सोफा'ला जे येईल ते थेट कचरापेटीत. ही युक्ती झकास आहे, पण दोन अडचणी. बरेच अर्ज अधिकचं चिन्ह घेतच नाहीत, 'पत्ता चुकीचा' म्हणतात. आणि हुशार यादीवाला अधिकपासून पुढचं कापून टाकतो, मग खरा पत्ता उघडा. त्यापेक्षा दोन पत्ते ठेवावेत. एक सरकार, बँक आणि माणसं यांच्यासाठी. दुसरा दुकानं, ॲप आणि कुपनांसाठी. आयफोनवाल्यांना 'हाइड माय ईमेल' म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता बनवून मिळतो, पण माझ्या अशिलांत आयफोनवाले मोजके.

दुकानात बिल करताना "मॅडम, ईमेल सांगा" म्हणतात ना, तिथे मी "कागदी द्या" म्हणते. देतात. इतकंच.

कायद्याचं विचाराल तर या प्रांतात आपल्याकडे मोकळं रान आहे. फोन आणि एसएमएससाठी ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था आहे, जाहिराती बंद करायला १९०९ हा नंबर आहे, २०१८ चे नियम आहेत. ईमेल त्यात येत नाही. अमेरिकेनं २००३ मध्येच कायदा केला, की बंद करायची सोय द्या आणि सांगितल्यावर दहा कामाच्या दिवसांत थांबा. आपल्याकडे गंमत अशी की माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ए या कलमात, त्रास देण्यासाठी किंवा कुठून आला याबद्दल फसवण्यासाठी पाठवलेला मेल हा गुन्हा होता. पण ते कलम वापरलं गेलं ते फेसबुकवर मत मांडणाऱ्यांना उचलायला. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींवर लावलं तेव्हा देशभर गाजलं. २०१५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं, आणि रास्तच केलं. त्याच्यासोबत ते मेलवालं उपकलमही गेलं, कोणाला त्याची आठवणही नाही. आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आहे. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, असं त्यात लिहिलंय. कुपनाच्या पेटीपर्यंत तो केव्हा पोचतो ते बघायचं.

या धंद्याचा इतिहास वाचताना मला एक शोध लागला, तो सांगायलाच हवा. पहिला घाऊक जाहिरातीचा मेल १९७८ सालचा, एका संगणक कंपनीच्या विक्रेत्यानं अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, चारेकशे लोकांना पाठवलेला. पण खरा बोभाटा झाला १९९४ मध्ये. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका वकील नवरा-बायकोनं इंटरनेटवरच्या हजारो चर्चागटांत एकच जाहिरात टाकली: ग्रीन कार्डाच्या लॉटरीचा अर्ज फी घेऊन भरून देऊ. म्हणजे इंटरनेटवर लोकांचं डोकं उठवणारी पहिली मोठी जाहिरात ही फॉर्म भरून देणाऱ्यांची! आमचेच भाऊबंद. हे कळल्यापासून यादी विकणाऱ्यांवर मी जरा कमी चिडते. बिल गेट्स २००४ मध्ये दावोसला म्हणाले होते, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न मिटेल. मोठी माणसं, मोठी आशा.

आता एक गोष्ट, जी माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची आहे आणि जंकवर बोलताना सहसा कोणी सांगत नाही. स्पॅमच्या पेटीत कधीकधी खरा मेल जाऊन पडतो. जीमेल त्या पेटीतला मेल तीस दिवसांनी आपोआप पुसून टाकतं. आणि रिटर्नमध्ये काही तफावत दिसली की आयकर खातं १४३(१)(ए) खाली जी सूचना पाठवतं, तिला उत्तर द्यायची मुदतही तीस दिवसांचीच. दोन्ही घड्याळं एकदमच सुरू होतात. सूचना स्पॅममध्ये गेली आणि तुम्ही महिनाभर तिकडे फिरकला नाहीत, तर मुदतही गेली आणि पुरावाही. पोर्टलवर ती सूचना दिसते, नाही असं नाही, पण पोर्टल उघडायला आधी काहीतरी आल्याचं कळायला तर हवं. म्हणून ऑफिसातली मुलगी दर सोमवारी सगळ्या अशिलांच्या स्पॅम पेट्या चाळते. चाळायच्या म्हणजे फक्त नावं वाचायची, उघडायचं काही नाही. खरा मेल सापडला तर 'स्पॅम नाही' असं सांगायचं, म्हणजे यंत्र पुढच्या वेळेला शिकतं.

फिल्टरनं खात्याचे मेल 'कधीच स्पॅममध्ये टाकू नको' असंही सांगता येतं, आणि आम्ही तसं करतो, पण जपून. नुसतं नावावरून फिल्टर लावला तर तोच दरवाजा चोरालाही उघडा. पूर्ण पत्ता टाकायचा, त्यावर लाल लेबल लावायचं, आणि तरीही आत डीआयएन बघितल्याशिवाय हलायचं नाही.

एवढं सगळं करून माझा स्वतःचा मेलबॉक्स आरशासारखा असेल असं वाटेल. जवळजवळ आहे. एक सोडून. माझं लग्न ठरायच्या आधी मामानं एका विवाहसंस्थेच्या साइटवर माझं नाव घातलं होतं. मेल माझा, मोबाईल नंबर त्याचा. लग्न झालं, मुलगी दहावीला आली, तरी मला दर आठवड्याला 'तुमच्यासाठी पाच अनुरूप स्थळं' येतात. मेल थांबवायचे तर प्रोफाइलच बंद करा म्हणतात, आणि प्रोफाइल बंद करायचा ओटीपी मामाच्या फोनवर. गेल्या दिवाळीला त्याच्या शेजारी बसून मी म्हटलं, मामा, फोन द्या, आज हे संपवून टाकते. तर म्हणतो, "थांब गं, इतक्यात नको. त्यातलीच दोन स्थळं मी धाकटीसाठी बघून ठेवलीत." गेल्या आठवड्यात त्यानं फोन करून विचारलं, मिरजेच्या मुलाचा मेल आला का, म्हणून. आला होता. पाठवून दिला.